काटा शून्य दाखवतो, म्हणून खरा बोलतो का?



गळीत हंगाम आला की आपल्यात दोनच गोष्टींची चर्चा असते. तोड कधी मिळणार आणि वजन काय भरले. तोडीचा विषय शेतकी खात्याचा, त्यात मी पडत नाही. वजनाबद्दल मात्र चार शब्द लिहावयाचे आहेत. ‘काटामारी’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की काटा चुकला म्हणजे तो कुणीतरी मुद्दाम चुकवला, असेच आपण धरून चालतो. मुद्दाम चुकवणारे असतात, नाही म्हणत नाही. त्यांच्यासाठी कायदा आहे, सील आहे, मोर्चे आहेत. पण कुणाचा हात न लागता, कुणाच्या मनात पाप नसता, रातोरात आपोआप चुकणारा काटाही असतो, आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही.

मी कणकवलीचा. आपल्या कारखान्याचा घाटाखालचा सभासद, आणि पोटापाण्याचा धंदा म्हणून परवाना घेऊन काटे दुरुस्त करतो. म्हणून आधी तिकडचीच एक हकीकत सांगतो.

एप्रिल महिना, काजू बीचा भर हंगाम. आदल्या संध्याकाळी वळीव कोसळला होता. गड नदीपलीकडे कुठेतरी झाड तारेवर पडले आणि रात्रभर विजेचा लपंडाव चालला. गेली, आली, पुन्हा गेली, मध्येच दिवा मेणबत्तीएवढा लाल होऊन राहिला. सकाळी एका खरेदीदाराचे बोलावणे आले. जाऊन पाहतो तर दारात जुंपलेली. एक म्हातारे शेतकरी पोते धरून उभे. त्यांचे म्हणणे, “घराकडे मापलंय तेवा ऐंशी किलो हुते, हय सत्त्याहत्तर कशे?” आणि खरेदीदार त्यांना समजावतोय, “आबानू, काटो शून्य दाखवता मां? मगे खोटो कसो?”

काटा खरोखरच शून्य दाखवत होता. अगदी स्थिर शून्य. मी माझे शिक्क्याचे वीस किलोचे वजन ठेवले. काटा म्हणाला, १९.३१.

खोल्यावर वायरिंग ठीक, लोडसेल ठीक, कुठे छेडछाड नाही, सील जागच्या जागी. मग काट्याच्या मेमरीतला गुणाकाराचा आकडा वाचून पाहिला. मागल्या पडताळणीच्या वेळी तो मी माझ्या वहीत टिपून ठेवला होता, २९,८००. आता तिथे होता २८,७७६. वजाबाकी केली तर १,०२४. काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला हा आकडा ओळखीचा असतो. एकापासून सुरुवात करून दुप्पट, दुप्पट करीत गेले की दहाव्या वेळी १,०२४ येतात. यंत्र सगळे आकडे ० आणि १ या दोनच चिन्हांत लिहिते आणि त्यातल्या प्रत्येक घराची किंमत मागल्या घराच्या दुप्पट असते. रात्रीच्या धामधुमीत त्यांतल्या एकाच घरातल्या १ चा ० झाला होता. तेवढ्याने ऐंशी किलोच्या पोत्यामागे पावणेतीन किलो गेले.

आणि शून्य? शून्याला कशानेही गुणा, शून्यच येणार. म्हणून गुणाकाराचा आकडा बिघडला तरी रिकामा काटा तोंडावरून ओळखू येत नाही.

काट्याच्या पोटात

आपल्या कारखान्याच्या गाडीकाट्याची गोष्ट याहून वेगळी नाही, फक्त आकार मोठा. गाडी ज्या प्लॅटफॉर्मवर चढते त्याच्याखाली चार, सहा किंवा आठ लोडसेल असतात. लोडसेल म्हणजे पोलादाचा ठोकळा. भार पडला की तो केसभर वाकतो, आणि त्याला चिकटवलेल्या बारीक तारेच्या जाळीचा विद्युत-विरोध बदलतो. साधारण दहा व्होल्ट दिले तर पूर्ण भाराला परत येतात जेमतेम वीस मिलिव्होल्ट. साठ टनाचा काटा दहा-दहा किलोच्या टप्प्याने दाखवायचा म्हणजे त्या वीस मिलिव्होल्टचे सहा हजार भाग पाडायचे. एक भाग मिलिव्होल्टच्या तीनशेव्या हिश्शाएवढा! जुन्या तरफेच्या काट्यात काटाबाबू वजन सरकवून दांडी समतोल करायचा. तिथे बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसायचा, हाताला लागायचा. इथे सगळे काम केबिनमधल्या इंडिकेटरच्या आत, नखाएवढ्या चिपमध्ये चालते.

या चिपला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. हिशेब करणारा मेंदू, त्याने काय करायचे याचा प्रोग्राम आणि टिपणे ठेवण्याची मेमरी, सगळे एकाच तुकड्यात. इंटेल कंपनीने १९८० साली ८०५१ नावाची अशी चिप बाजारात आणली, तिचे वंशज अजून कित्येक यंत्रांत आहेत. तुमच्या विहिरीवरचा मोबाइल स्टार्टर, डेअरीतले फॅट काढायचे यंत्र, घरचा विजेचा मीटर, सगळीकडे हाच प्रकार.

मेमरीचे तीन प्रकार लक्षात ठेवावे. पहिली पाटी. खडूने लिहायचे, वीज गेली की पुसले. गाडी काट्यावर असताना चाललेला हिशेब या पाटीवर असतो. दुसरे छापील पुस्तक, म्हणजे प्रोग्राम, तो कारखानदाराने एकदाच छापून दिलेला. आणि तिसरी वही, जिला ईईप्रॉम म्हणतात. वीज गेली तरी यातले लिखाण टिकते, आणि जरूर पडली तर खोडून पुन्हा लिहिताही येते. काट्याचे शून्य कुठे धरायचे आणि आलेल्या सिग्नलला किती गुणायचे, हे दोन आकडे या वहीत असतात. तुमच्या ऊसबिलाचा पाया म्हणजे हे दोन आकडे. बाकी काट्याचे सगळे लोखंड त्यांच्यासाठी.

वही बिघडते कशी

वीज पूर्ण गेली तर चिप थांबते, काही बिघडत नाही. भीती आहे ती अर्धवट विजेची. व्होल्टेज हळूहळू खाली येत असता चिपचा मेंदू लगेच बंद पडत नाही. तापात बरळणाऱ्या माणसासारखा तो चुकीच्या आज्ञा वाचू लागतो, आणि भरकटत प्रोग्रामच्या अशा पानावर येतो जिथे ‘वहीत लिही’ असे म्हटलेले आहे. मग लिहितो! कुठे आणि काय, ते त्यालाही ठाऊक नसते. शिवाय वहीत नीट लिहायला ठरावीक व्होल्टेज लागते, ते नसेल तर खरा आकडाही कच्चा उमटतो. हे माझ्या पदरचे नाही, चिप बनवणाऱ्या कंपन्या आपल्या माहितीपुस्तकात ही दोन्ही कारणे स्वतःच छापतात.

आमच्या बाजूला याचे महत्त्व जास्त. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा सिंधुदुर्गातली कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात होती. पण मी म्हणतो, अंधार परवडला. वीज परत येताना जे झटके बसतात त्यांनी माझ्याकडे दुरुस्तीला जास्त माल येतो. त्यात आमचा जांभा. उन्हाळ्यात कातळ कोरडा पडला की अर्थिंग नावालाच राहते.

दुसरा बिघाड अर्ध्यावर तुटलेल्या लिखाणाचा. समजा वहीत १९९९ आहे आणि तिथे २००० लिहायचे आहे. यंत्र एका दमात सगळे लिहीत नाही, तुकड्या-तुकड्याने लिहिते आणि एका तुकड्याला तीन-साडेतीन सहस्रांश सेकंद लागतात. पुढचा ‘२०’ लिहून झाला आणि तेवढ्यात वीज गेली, तर वहीत राहिले २०९९. जुनाही नाही, नवाही नाही, तिसराच आकडा. आणि गंमत म्हणजे दिसायला अगदी साजरा.

तिसरे कारण झिजेचे. या वहीचे एक घर साधारण एक लाख वेळा खोडून लिहिता येते, त्यापुढे हमी नाही. लाख हा आकडा मोठा वाटतो. पण एखाद्या आळशी प्रोग्रामरने दर सेकंदाला तिथे काहीतरी लिहायला सांगितले, तर अठ्ठावीस तासांच्या आत लाख संपतात. कारखान्याचा हिशेब करून पाहू. दिवसाला ५०० गाड्या, भरलेली एकदा आणि रिकामी एकदा असे हजार तोल, आणि प्रत्येक तोलाला ‘एकूण गाड्या’ हा आकडा त्याच घरात लिहिला, तर शंभर दिवसांत घर झिजले. म्हणजे एका हंगामात! म्हणून चांगला बनवणारा रोजच्या नोंदी घरे बदलून लिहितो, जसे आपण एकाच वाफ्यात सारखे तेच पीक घेत नाही, आणि काट्याचे दोन मूळ आकडे त्या गर्दीपासून दूर, वेगळ्या पानावर ठेवतो.

चौथे कारण सांगितले तर पटणार नाही, पण घडलेले आहे. बेल्जियममध्ये १८ मे २००३ रोजी निवडणूक होती. ब्रुसेल्सजवळच्या स्खारबेक नगरीत एका उमेदवाराला यंत्राने ४,०९६ मते जास्त दिली. मोजणीचा प्रोग्राम तपासला, चूक सापडली नाही. ४,०९६ म्हणजे एकापासून बारा वेळा दुप्पट. आमच्या १,०२४ चेच भावंड. यंत्राच्या मेमरीतले एक घर आपोआप उलटले असावे असे तज्ज्ञांचे मत पडले, आणि अवकाशातून येणाऱ्या किरणांचा कण लागून तसे झाले असावे, अशीही शक्यता सांगितली गेली.

मला यात महत्त्वाचे वाटते ते किरणांचे नव्हे, चूक कळली कशी त्याचे. पडलेली मते शक्यतेपेक्षा जास्त दिसली म्हणून कळली. तेच घर उलटण्याऐवजी शेजारचे लहान किमतीचे, ३२ चे किंवा ६४ चे उलटले असते, तर कुणाला पत्ता लागला असता? काट्याचेही तेच आहे. ट्रॉलीचे वजन चार टनांनी कमी आले तर ड्रायव्हरच आरडाओरड करील. शंभर-दीडशे किलोने कमी आले तर आपण म्हणतो, घाट चढेपर्यंत ऊस वाळला असेल. ऊस वाळतोही. म्हणूनच ती चूक लपते.

आता रुपयांत बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरवला, म्हणजे तोडणी-वाहतूक वजा जाण्यापूर्वी किलोला तीन रुपये पंचावन्न पैसे. कणकवलीच्या त्या काट्यात जेवढी चूक निघाली तेवढीच गाडीकाट्यात निघाली, तर पंधरा टनांच्या खेपेला ५१६ किलो, म्हणजे अठराशे रुपयांच्या वर. आणि करूळचा घाट चढून गेलेला ऊस काही परत खाली आणून दुसऱ्या काट्यावर घालता येत नाही.

बंदोबस्त

यावर उपाय आहेत, फार महागही नाहीत. पहिला, व्होल्टेजवर पहारा. पाच व्होल्टच्या चिपला वीज ठरावीक मर्यादेखाली, समजा ४.३ व्होल्टखाली आली की मेंदूला सरळ झोपवून टाकायचे, बरळू द्यायचे नाही. बहुतेक चिपमध्ये ही सोय आतच असते. नुसती चालू करायची असते, आणि मी पाहिलेल्या कित्येक स्वस्त यंत्रांत ती चालू केलेलीच नसते! याला जोडून वीज साठवणारा थोडा मोठा कपॅसिटर. एक हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वीस मिलिअँपिअर खाणाऱ्या चिपला पाच व्होल्टवरून साडेचारवर यायला पंचवीस सहस्रांश सेकंद देतो. हातातले लिखाण पुरे करून वही मिटायला तेवढे पुरतात.

दुसरा उपाय आपल्या पावती पुस्तकासारखा. जुने पान न खोडता नव्या पानावर लिहायचे, पूर्ण झाले की शेवटी ‘खरे’ अशी खूण करायची. खूण नसलेले पान यंत्राने मानायचे नाही, मागल्या पानावर जायचे. वीज मध्येच गेली तरी एक धड प्रत शिल्लक राहतेच.

तिसरा, पडताळ्याचा आकडा. जुने मास्तर गुणाकार तपासायला नवाचा पडताळा घ्यायचे, ते पिढीतल्या लोकांना आठवत असेल. यंत्रही दोन मूळ आकड्यांवरून हिशेब करून एक तिसरा आकडा काढते आणि शेजारी लिहून ठेवते. दरवेळी चालू होताना पुन्हा हिशेब करायचा आणि जुळतो का बघायचे. नुसती बेरीज मात्र उपयोगाची नाही, ३५५० आणि ५३५० यांच्या अंकांची बेरीज सारखीच. म्हणून सीआरसी नावाची भागाकाराची रीत वापरतात. सोळा घरांच्या सीआरसीतून एका घराची चूक कधी सुटत नाही. कणकवलीच्या काट्याला एवढे असते तर आबांचे पोते चढण्यापूर्वीच तो ओरडला असता.

पण ओरडल्यावर पुढे काय? इथे माझे मत ठाम आहे. पडताळा जुळला नाही आणि धड प्रतही सापडली नाही, तर काट्याने वजन दाखवणे बंद केले पाहिजे. काही यंत्रे अशा वेळी गुपचूप कारखान्यातून निघतानाचा ठोकळेबाज आकडा उचलतात आणि जणू काही झालेच नाही अशी चालू होतात. काटा बंद पडला तर रांग लागते, टोळ्या खोळंबतात, काटा क्लार्कला शिव्या बसतात, हे सगळे मला ठाऊक आहे. तरी बंद पडलेला काटा बरा. रांगेचा त्रास दिसतो तरी.

चौथा उपाय कुलपाचा. वही वेगळ्या चिपमध्ये असली तर तिला लिखाण रोखणारी एक पिन असते. ती पिन लावून टाकली की मेंदू कितीही बरळला तरी वहीत अक्षर उमटत नाही. कुलूप उघडायची जागा पेटीच्या आत, आणि पेटीवर वैध मापनशास्त्र खात्याचे सील. म्हणजे लबाडासाठी लावलेले सीलच अपघातालाही आवरते. सील शाबूत असूनही कणकवलीला आकडा बदलला, कारण त्या यंत्रात आतले कुलूप नव्हतेच. दाराला टाळे आणि मागची भिंत पडलेली, असा तो प्रकार.

वॉचडॉग नावाचा एक राखणदारही चिपमध्ये असतो. मेंदूने ठरल्या वेळात त्याला हाक दिली नाही की तो सगळे यंत्र पहिल्यापासून सुरू करतो. आमच्याकडे राखणदाराला मान मोठा, पण या राखणदारावर फार विसंबू नये. तो अडकलेला मेंदू जागा करतो, बिघडलेली वही दुरुस्त करत नाही. जाता जाता एक सांगतो, प्लॅटफॉर्मवर वेल्डिंग करू देऊ नका. वेल्डिंगचा प्रवाह लोडसेलमधून गेला की मेमरी शाबूत राहूनही काटा खलास.

आपण सभासदांनी काय विचारावे

वैध मापनशास्त्र अधिनियम २००९ प्रमाणे गाडीकाट्याची दरवर्षी पडताळणी होते आणि दुरुस्ती झाली की पुन्हा शिक्का घ्यावा लागतो. पण पडताळणी ऑक्टोबरात झाली आणि आकडा डिसेंबरात फिरला, तर मधल्या काळात विचारणारे आपणच. शून्य बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका. आपल्याच ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनाच्या पावत्या जपून ठेवा आणि ताडून बघा. चिखल आणि डिझेल सोडले तर तुमच्या रिकाम्या गाडीइतके चांगले फुकटचे माप दुसरे नाही. लाइटचा घोळ झालेल्या दिवशी काट्यावर माहितीतल्या वजनाची गाडी चढवून मगच तोल सुरू करावा, अशी रीत कारखान्याने पाडावी. अर्धा तास जाईल.

आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत नवीन इंडिकेटरच्या खरेदीचा विषय आला तर किंमत विचारून गप्प बसू नका. निविदेत व्होल्टेजचा पहारा, दुहेरी प्रत, सीआरसी आणि आतले कुलूप ही कलमे आहेत का, ते विचारा. शिवाय मूळ आकडा बदलला की त्याची तारीख-वेळेसह न पुसणारी नोंद झाली पाहिजे, हेही मागा. हे शेवटचे का, ते सांगतो. कणकवलीला मी इंडिकेटर बदलला, नवा शिक्का झाला. आबांच्या पोत्याचे पावणेतीन किलो खरेदीदाराने त्याच सकाळी मान्य केले होते, माणूस सरळ होता. पण त्या सकाळी आबांच्या आधी पाच-सहा जण माप करून गेले होते, आणि आदल्या संध्याकाळी पावसाआधी आणखी काही. त्यांच्यापैकी कुणाचे कमी भरले आणि कुणाचे बरोबर, याचा हिशेब लावायला तो बसला, मीही बसलो. लागला नाही. आकडा कोणत्या घटकेला फिरला, हे त्या काट्यात कुठेच लिहिलेले नव्हते.